कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

“पैसे घे, कॅमेरा घे, बाई सांगतील ते सगळं शिकून घे. पण खुर्चीच्या नादी लागू नकोस.”

हे मला सांगितलं गेलं ते संस्थेच्या बाथरूममध्ये. माझ्या एका हातात भरलेला डायपर होता आणि दुसऱ्या हातानं मी ठकूला बेसिनशेजारच्या कट्ट्यावर दाबून धरलं होतं. ठकू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा सव्वा वर्षाची. सांगणारी मुलगी आधीच्या वर्षी अनुदान मिळालेल्यांपैकी होती. बॅग छातीशी धरून ती नळापाशी उभी होती आणि बोलताना माझ्याकडे न बघता आरशात बघत होती.

खुर्ची म्हटलं की आपल्याला पद दिसतं, समिती दिसते, कोण कुणाच्या डोक्यावर बसणार ते दिसतं. मला वाटलं, संस्थेतलं राजकारण सांगतेय. मी म्हटलं, “मला कोण देतंय खुर्ची! इथे धड उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.”

“हसू नकोस,” ती म्हणाली आणि निघून गेली. मी ते हसण्यावारीच नेलं.

संस्थेची योजना अशी होती की आपल्या भाषेत, आपल्या गावात राहून माहितीपट करणाऱ्या आठ जणांना दरवर्षी तीन हप्त्यांत अनुदान द्यायचं, कॅमेरा आणि माइक वापरायला द्यायचा आणि वर्षभरासाठी एकेक मार्गदर्शक नेमायचा. मला मार्गदर्शक म्हणून बाई मिळाल्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’च म्हणतात. चाळीस वर्षं त्या माहितीपट करत आल्यात आणि त्यांच्या माहितीपटांतली माणसं अशी बोलतात की आपण दाराआडून चोरून ऐकतोय असं वाटतं. मला बाई मिळाल्याचं कळल्यावर ओळखीच्यांनी माझं अभिनंदन असं केलं की जणू अनुदान ही किरकोळ गोष्ट होती.

मला दोन्हींची गरज होती. ठकू झाल्यावर मी नोकरी सोडली होती. हे काम झालं नसतं तर ‘पूर्वी मी फिल्म करायचे’ एवढंच सांगण्यात पुढचं आयुष्य गेलं असतं.

आणि हो, मी काळजी करणारी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. ठकू झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. घरातल्या सगळ्या प्लगना चिकटपट्टी लावलेली आहे. नवरा म्हणतो, “एक दिवस तू भिंतीला हात लावून बघशील, ताप आहे का म्हणून.” पुढचं वाचून तुम्हीही असंच काही म्हणणार असाल, तर ते आमच्या घरात म्हणून झालेलं आहे.

माझा विषय होता काटेवाले काका. तराजू, काटे, वजनं दुरुस्त करणारा माणूस. भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दारात पोती तोलायचा मोठा काटा, आत भिंतीवर तराजूच्या दांड्या टांगलेल्या, आणि कपाटात मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं. ज्यांच्यावरून बाकीची वजनं तपासायची ती ही. काका ती नुसत्या हातानं कधी उचलायचे नाहीत. “घामालाही वजन असतं,” म्हणायचे. आता सगळीकडे विजेवरचे आकड्यांचे काटे आलेत. काकांकडे दिवसाला दोन माणसं यायची, त्यातलं एक पत्ता विचारायला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, राहायला दुकानाच्या वरच खोली.

ठकूला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याबरोबरच असायची. आम्ही दारात दिसलो की काका आधी तिला मोठ्या काट्यावर उभी करायचे. “आधी माल तोलू, मग गप्पा. नऊ किलो सहाशे. अहो, परवापेक्षा शंभर कमी! आई खाऊन टाकते का गं तुझं?”

असा बोलका माणूस, पण कॅमेरा चालू झाला की काका पोलिसांत जबाब दिल्यासारखे बोलायचे. “मी हा व्यवसाय प्रामाणिकपणे करीत आलेलो आहे.” मी कॅमेऱ्याला खेटून खुर्चीत बसायचे, म्हणजे त्यांची नजर भिंगात न जाता माझ्याकडे राहील. तर दर वाक्यानंतर मला विचारायचे, “हे चालेल ना तुम्हाला?”

रोजचं सगळं चित्रण त्याच दिवशी बाईंना पाठवायचं, काटछाट न करता, असा त्यांचा नियम होता. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. छोटासा चेहरा, पांढरे कापलेले केस, अंगात स्वेटर. नजर माझ्या थोडी बाजूला लागलेली. लॅपटॉपवर सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून मला काही वाटलं नाही.

“माणूस चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “पण तो तुला बरं वाटेल ते बोलतोय. समोर तू आहेस ना! तू ऊठ.”

“म्हणजे?”

“तू कॅमेऱ्याच्या मागे बस, त्याला दिसणार नाहीस अशी. तुझी खुर्ची आहे तिथेच राहू दे, डाव्या अंगाला, अगदी लागून. त्याला सांग, खुर्चीकडे बघून बोला.”

“रिकाम्या खुर्चीकडे?”

“बघ तर खरं करून.”

त्याच क्षणी मला बाथरूममधली ती मुलगी आठवली. म्हणजे ही खुर्ची! मला हसूच आलं. म्हटलं, हिचं आणि बाईंचं कामाच्या पद्धतीवरून वाजलं असणार. दोन माणसं एकत्र काम करायला लागली की होतं असं.

दुसऱ्या दिवशी काकांच्याच दुकानातली घडीची लोखंडी खुर्ची मी कॅमेऱ्याशेजारी मांडली आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. काका आधी तिची थट्टा करत बसले. तिला काट्यावर ठेवून तोललं. “चार किलो शंभर. नोंद करा, पाहुण्या सडपातळ आहेत.” मग समोर बसून म्हणाले, “चहा घेणार? साखर किती?” मी मागून हसत होते. दहाएक मिनिटांनी लक्षात आलं की आता मी एकटीच हसतेय.

काका हळू आवाजात सांगत होते. एका किराणा दुकानदारासाठी त्यांनी एक किलोच्या लोखंडी वजनाच्या बुडातलं शिसं कोरून काढलं होतं. चाळीस ग्रॅम. वरचा शिक्का तसाच ठेवला. अकरा वर्षं ते वजन त्या दुकानात चाललं.

“आणि आमच्या घरचा किराणा तिथूनच यायचा. ही दर महिन्याला म्हणायची, डबा का भरत नाही हो काठोकाठ?”

एवढं बोलून ते थांबले. मान जराशी कलती केली. मी काही विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

“नाही,” काका खुर्चीला म्हणाले. “तिला शेवटपर्यंत नाही सांगितलं.”

माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा तो आनंदाचा होता.

“फार सुंदर,” बाईंचा निरोप आला. “आता तू प्रश्न विचारूच नकोस. विचारले जातायत.”

पुढचे तीन आठवडे मी खरंच काही विचारलं नाही. कॅमेरा लावायचा, खुर्ची मांडायची, मागे बसायचं. काका बोलायचे, थांबायचे, ऐकायचे, पुन्हा बोलायचे. कधी कधी ‘अहो, पण’ म्हणून वाद घालायचे. मी मनात म्हणायचे, एकटा माणूस आहे, तुंबलेलं बाहेर पडतंय. दुसऱ्या हप्त्याचे पैसेही आले.

ठकू सतरंजीवर तराजूची पारडी वाजवत बसायची. एक दिवस ती उठून खुर्चीपाशी गेली आणि तिनं आपलं बिस्किट खुर्चीवर ठेवलं. मग पुढे येऊन ‘भॉ’ केलं आणि खिदळली. जरा थांबली आणि पुन्हा खिदळली. मूल एकटं खेळताना असं थांबत नाही. समोरून कुणी ‘भॉ’ करेपर्यंत जेवढं थांबावं, तेवढी ती थांबत होती. मी ते चित्रित केलं. मला ते गोड वाटलं, हे आता लिहायची लाज वाटते.

मग घरी सुरू झालं. मी तिला भरवताना ती माझ्याकडे बघेना. बघायची ती माझ्या डाव्या खांद्याच्या वीतभर पलीकडे. तोंड उघडायची, घास घ्यायची, हसायची, पण सगळं त्या बाजूला.

“अगं, पोरं बघतात कुठेही,” नवरा म्हणाला.

“कुठेही नाही, एकाच ठिकाणी.”

“मग पाल असेल.”

मी भिंत तपासली. पाल नव्हती. त्यानं ठकूला उचललं, तर तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघून त्याचं नाक धरलं. “बघ! मला तर व्यवस्थित बघते. तुझ्यावर रुसली असेल.”

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विजेरी फिरवली, खेळणं हलवलं. “डोळे ठणठणीत आहेत. तिरळेपणा नाही, काही नाही.”

“पण माझ्याकडे बघत नाही हो ती.”

“तुम्ही जरा डावीकडे सरकून बसा बरं. हां! आता बघतेय की. तुम्हीच चुकीच्या जागी बसला होतात.” डॉक्टर हसले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले, म्हणून पुढचं त्यांनी पाहिलं नाही. मी वीतभर सरकले होते. ठकूची नजरही वीतभर सरकली.

आता जे सांगणार आहे त्यासाठी हे कळायला हवं की ठकू तोपर्यंत ‘बाबा’ म्हणायची, ‘टाटा’ म्हणायची, पाण्याला ‘मम’ म्हणायची, पण ‘आई’ म्हणत नव्हती. मी रोज तिच्यासमोर तोंड वेडंवाकडं करून शिकवायचे. येईल, येईल, म्हणत सगळे माझी समजूत काढायचे.

त्या दिवशी दुकानात ती मोठ्या काट्याच्या कडेवरून पाय घसरून पडली. ओठ फुटला. मी कॅमेरा तसाच टाकून धावले, गुडघ्यावर बसले, दोन्ही हात पसरले. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. रडत रडत तिनं मान वर केली, मला ओलांडून बघितलं आणि दोन्ही हात खुर्चीकडे केले.

“आई,” ठकू म्हणाली. अगदी स्पष्ट.

आणि रडायची थांबली. उचलून घेतल्यावर मूल जसं हुंदके देत देत शांत होतं, तशी. मी तर तिला अजून हातही लावला नव्हता.

“घेतलं ना त्यांनी,” काका मागून म्हणाले. “बघा, लगेच गप्प.”

“काका, तिथे कुणी नाही.” माझा आवाज चढला होता. “रिकामी खुर्ची आहे ती!”

काका उठले. मला वाटलं, रागावले. पण त्यांनी शांतपणे खुर्ची उचलून काट्यावर ठेवली, वजनं लावली आणि काटा स्थिर होईपर्यंत वाट बघितली.

“चार किलो शंभर. पहिल्या दिवशी होती तेवढीच,” ते म्हणाले. “वजन नाही त्यांना. म्हणून तर त्यांचा कुणाला भार होत नाही.”

मी ठकूला उचलून घरी आणलं. ती रात्रभर माझ्या कुशीत झोपली, माझ्याकडे पाठ करून.

दोन दिवसांनी ठकूला नवऱ्याजवळ ठेवून मी बाईंकडे गेले. त्यांना प्रत्यक्ष मी पहिल्यांदाच भेटत होते. तिसरा मजला, दारावर पाटी नाही, आत सगळीकडे टेपांचे खोके. बाईंनी दार उघडलं. मध्ये लॅपटॉप नव्हता, तरी त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या शेजारी होती.

“ये,” त्या म्हणाल्या. आणि मग जरा अदबीनं, “या.”

मी मागे वळून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं.

सोफ्यावर टेकायला गेले तर म्हणाल्या, “तिथे नको, थोडी सरकून बस.” मी सरकले. मोठ्या माणसानं सांगितलं की आपण आधी सरकतो आणि मग विचार करतो.

“बाई, माझी मुलगी दुसऱ्याच कुणाला तरी आई म्हणाली.”

“हो, ऐकलं मी. सत्ताविसाव्या मिनिटाला.” त्या दिवशी कॅमेरा चालूच राहिला होता आणि नियमाप्रमाणे मी तेही पाठवलं होतं. “फार लख्ख आवाज आलाय.”

“कोण आहे तिथे?”

“ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. माणसं त्यांच्याशी खरं बोलतात, आपल्याशी बोलत नाहीत. मग आपण मध्ये कशाला यायचं?”

“मला का दिसत नाही?”

“मागे बसणाऱ्याला नाही दिसत. मलाही दहा वर्षं नव्हतं दिसलं.” बाई अगदी मायेनं बोलत होत्या. एखादी मावशी बाळंतिणीला समजावते ना, तसं. “ती जागा आधी तुझी होती. तू उठलीस.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून उठले!”

“हो. आणि काम किती चांगलं झालं बघ. पोरीची काळजी करू नकोस. पोरं पटकन रुळतात. माझा मुलगाही रुळला होता.”

“कुठे असतात ते आता?”

बाईंनी बाजूला बघितलं. शेजारच्याला तारीख विचारावी तसं. क्षणभर थांबल्या.

“बरा आहे,” त्या म्हणाल्या.

मी चप्पल घालून कधी खाली आले ते मला आठवत नाही. बसमध्ये बसल्यावर एकच वाक्य डोक्यात घुमत राहिलं. ती जागा आधी तुझी होती. म्हणजे अजूनही मागता येईल, असं मी धरून चालले. दुसरं काही धरायला नव्हतंच.

शनिवारी नवऱ्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. त्याला पटलेलं काही नव्हतं, पण मी चार दिवस जेवले नव्हते हे त्याला दिसत होतं.

“मी काय करायचं?”

“बटण दाबायचं. लाल दिवा लागला की दारापाशी जाऊन गप्प उभं राहायचं. कॅमेऱ्याच्या मागे थांबायचं नाही, काही झालं तरी.”

“गप्प उभं राहायचं ना? त्याचा सराव आहे मला लग्नापासून.”

मी हसले नाही, तसा तोही गंभीर झाला.

काका नेहमीच्या जागी बसले, ठकू त्यांच्या मांडीवर. कॅमेरा चालू झाला. नवरा दाराशी गेला. मी समोरून येऊन खुर्चीत बसले. खुर्ची गरम नव्हती, गार नव्हती. खुर्चीसारखी होती. बसमध्ये आपण खिडकीपाशी बसतो आणि मग कळतं की कुणीतरी तिथे रुमाल ठेवला होता, तेव्हा समोरचे जसे बघतात, तसे काका आणि ठकू माझ्याकडे बघत होते.

“अहो,” काका म्हणाले, “उठवलंत त्यांना?”

“ही माझी जागा आहे, काका.”

काकांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. ठकूचीही. मग दोघांच्या माना हळूहळू वळू लागल्या, एकाच वेगानं, उजवीकडे. कपाट ओलांडून, टांगलेल्या दांड्या ओलांडून, थेट काकांच्या शेजारपर्यंत. म्हातारी मान आणि ती एवढीशी मान. सव्वा वर्षाचं मूल आणि सत्तरीचा माणूस एकाच वेळी, एकाच जागी थांबले. हे नवऱ्यानंही बघितलं. त्याबद्दल तो बोलत नाही, पण बघितलं.

काकांनी ठकूला खाली उतरवलं. आपल्या बाजूचं लाकडी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, “बसा.”

ठकू मध्ये उभी होती. एकीकडे मी, एकीकडे ते स्टूल. मला ओरडावंसं वाटत होतं, झडप घालून तिला उचलावंसं वाटत होतं. पण मागच्या वेळी मी हात पसरले होते आणि ते कमी पडले होते. म्हणून मी नुसती बसून राहिले, खुर्ची घट्ट धरून. ठकूनं स्टुलाकडे एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

काका स्टुलाकडे झुकले. आवाज अगदी खाली आणून बोलले, पण माइक त्यांच्याच सदऱ्याला लावलेला होता आणि मी ते नंतर पुष्कळदा ऐकलंय. “तुम्ही इथे बसा. पोरीला जाऊ द्या. मी आहे ना बोलायला.” थोडं थांबले. “नाही, कंटाळा कसला? मला तरी कोण आहे?”

मग ठकूला म्हणाले, “जा बाळा. तुझी आई तिकडे.”

ठकू वळली. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांत. महिनाभरात पहिल्यांदा. कुठेतरी पाहिलेला चेहरा आठवावा तसं तिनं कपाळाला आठी घातली आणि मग दुडूदुडू आली.

“आई,” ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यांना धरलं.

मी तिला उचललं आणि बाहेर पळाले. सामान नवऱ्यानं आवरलं. काका आम्हाला दारापर्यंत पोचवायला उठले नाहीत. नेहमी उठायचे, काट्यापर्यंत येऊन ठकूला टाटा करायचे. त्या दिवशी त्यांची पाठ होती आणि ते कुणालातरी सांगत होते की पितळी वजनं नुसत्या हातानं का उचलायची नाहीत.

मी अनुदान सोडलं. कॅमेरा परत केला, घरच्या अडचणीचं कारण लिहून पत्र दिलं. संस्थेनं समजूतदार उत्तर पाठवलं. माझ्या जागी प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी घेतलं म्हणे. बाईंना मी लिहिलं नाही, त्यांनीही लिहिलं नाही.

ठकू आता दिवसातून पन्नासदा आई म्हणते. मी मोजते. जेवताना माझ्याकडे बघते, पडली की माझ्याकडे येते. डाव्या बाजूला पाल असली तरच बघते. म्हणजे माझं झालं. मला जे पाहिजे होतं ते मला मिळालं, आणि ते कसं मिळालं हे मला माहीत आहे. माझ्या मुलीला सोडवण्यासाठी एक एकटा म्हातारा माणूस तिच्या जागी बसला आणि मी त्याला अडवलं नाही. उलट पळताना मनात म्हटलं, बरं झालं.

पहिले काही दिवस मी फोन करायचे. काका उचलायचे. “जेवलात का?” विचारलं की म्हणायचे, “थांबा, विचारतो.” मग फोनवर नुसती शांतता, आणि मग, “हो, जेवलो म्हणे.” नंतर उचलायचे पण बोलायचे नाहीत. आता तीन आठवडे फोन वाजत राहतो.

नवऱ्याला एकदा पाठवलं. शटर अर्धं खाली होतं, आत काकांचा आवाज येत होता. बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. यानं वाकून हाक मारली. काकांनी मान वर केली नाही. फार बारीक झालेत, एवढंच सांगितलं त्यानं. पुन्हा जा म्हटलं तर, “नाही जाणार, आणि का ते विचारू नकोस,” म्हणाला. त्यानंतर दोन दिवस तो ठकूकडे सारखा निरखून बघत होता. मी विचारलं नाही.

मी स्वतः गेले असते. गेलेही होते गल्लीच्या तोंडापर्यंत, ठकूला कडेवर घेऊन. तिनं गल्लीच्या दिशेनं दोन्ही हात पुढे केले. मी तिथूनच मागे फिरले. तिला घरी ठेवून एकटी जाईन, असं रोज ठरवते, आणि रोज वाटतं की आपण तिकडे गेलो आणि इकडे तिनं कुणाला हाक मारली तर?

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याकडे जुना तराजू असेल, स्वयंपाकघरातला बिघडलेला काटा असेल, काही नसेल तर नुसता पत्ता विचारायला म्हणून जा. दिवसा जा. भाजी बाजाराच्या मागची गल्ली, डाव्या हाताचं शेवटचं दुकान. शटर खाली असेल तर वाजवा, चांगलं जोरात वाजवा. आत गेलात तर स्टुलावर बसू नका, त्यांच्या अगदी समोर उभे राहा आणि काका म्हणून हाक मारा. जेवलात का विचारा आणि उत्तर त्यांनीच दिलं का, की कुणाला तरी विचारून दिलं, तेवढं बघा. ते तुमच्याकडे बघतात का बघा. बघत असले, तर त्यांना हात धरून बाहेर उन्हात आणा, चहा पाजा, जमलं तर दुसऱ्या दिवशीही जा. आणि तुमच्याकडे न बघता तुमच्या शेजारी बघत असले, तर तिथे थांबू नका, पण मला कळवा. मी फोन जवळच ठेवते.